हेर क्रोल थांबले

हेर क्रोल यांना कुणी आदरानं, उस्ताद म्हणावं तसं, ‘मास्ट्रो’ म्हटलं की ते मागे वळून बघत, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं. ‘हेर’ म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत एडिसनजवळच्या आमच्या गावात लहान मुलांचं एक कॉयर आहे, समूहगानाचं पथक. त्याचे ते संचालक. माझी मुलगी मित्रा त्यात गायची. तिला तालमीला सोडून घरी परत जायचं आणि पुन्हा आणायला यायचं, त्यापेक्षा मी हॉलच्या मागच्या खुर्चीवर बसून राहायची. त्यांची माझी ओळख खरं तर एवढ्यावरच थांबायची.

उंच, वाळका माणूस. जुलैच्या उकाड्यातसुद्धा अंगात काळा, गळा झाकणारा स्वेटर. मधल्या सुट्टीत खिशातल्या चाकूनं सफरचंद कापून खात, बिया आणि देठासकट. खाली काही उरत नसे. रागावले की आवाज चढण्याऐवजी उतरायचा, इतका की मुलं आपोआप पुढे वाकून ऐकायची. कुठल्याही नव्या खोलीत आले की आधी दारं किती आणि कुठे ते बघून घेत, मग माणसांकडे बघत. मला ते ‘फ्राउ सुजाता’, म्हणजे श्रीमती सुजाता, म्हणत. मित्राला विचारलं, सर कसे आहेत गं, तर म्हणाली, “ही इज स्केअरी, आई. बट द गुड काइंड.”

एकदा पडद्यामागे मित्रा सहज शिट्टी वाजवत उभी होती. हेर क्रोल पियानोवरून उठले, तिला खांद्याला धरून दाराबाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. आता तिनं दार ठोठावायचं, आत येऊ का विचारायचं, आणि मगच यायचं. मुलं हसली. ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की जुन्या थिएटरांत गॅसचे दिवे असत, आणि गॅस गळायला लागला की दिव्यातून शिट्टीसारखा आवाज येई. म्हणून त्यांच्याकडे थिएटरात कुणी शिट्टी वाजवत नाही. “ती शिट्टी ऐकू आली की फार थोडा वेळ उरलेला असे,” हे त्यांनी दहा-बारा वर्षांच्या मुलांना अगदी शांतपणे सांगितलं. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईनं त्याबद्दल तक्रार केली.

त्यांची बायको रूथ अमेरिकन, निवृत्त संगीतशिक्षिका. क्रोल गाडी चालवत नसत, त्यामुळे तीही माझ्यासारखीच तालीम संपायची वाट बघत बसलेली असे. त्यांचं पूर्वायुष्य मला तिच्याकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. पूर्व जर्मनीतल्या एका लहान गावातला जन्म. चर्चच्या कॉयरमध्ये गाणारा मुलगा. मग जवळच्या शहरातल्या थिएटरात गायकांकडून पियानोवर तालीम करून घेण्याची नोकरी, आणि तिथून वाद्यवृंदाचा संचालक. लहान गावचं थिएटर म्हणजे ऑपेराही त्यानंच करायचा, हलकीफुलकी गाण्याची नाटकंही त्यानंच, आणि नाताळात मुलांसाठी परीकथाही त्यानंच. तरुण वयातच ते मुख्य संचालक झाले. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या, शेजारच्या दोन शहरांची थिएटरं एकत्र केली गेली आणि यांचा वाद्यवृंदच मोडीत निघाला. रूथ तेव्हा तिकडे शिकायला गेलेली होती. ती त्यांना घेऊन इकडे आली. मग चर्चची कॉयर, हायस्कूलची म्युझिकल्स, आणि शेवटी आमची मुलं.

“इतक्या तरुणपणी मुख्य झाले म्हणजे हुशारच असणार,” मी म्हटलं.

रूथ गाडीच्या काचेवरची धूळ बोटानं पुसत राहिली.

एकदा त्या दोघांना आम्ही आयसेलिनला डोसा खायला नेलं. ओक ट्री रोडवर शनिवारची गर्दी होती. क्रोल यांनी दाराजवळचंच टेबल मागितलं आणि ते मिळेपर्यंत बाहेर थंडीत उभे राहिले. जेवताना त्यांनी मला विचारलं की मी लहानपणी गायचे का. मी सांगितलं की नागपूरला माझ्या बाबांचं भीमगीतांचं पथक होतं. हार्मोनियम, ढोलकी, आणि चौकात बांधलेलं स्टेज. मी कोरसमध्ये उभी राहायची. त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं. गाणी कसली, ताल कोणता, असं काहीतरी विचारतील असं मला वाटलं.

त्यांनी विचारलं, “स्टेजच्या वर काय असायचं?”

मी म्हटलं, “वर? मांडवाचं कापड.”

“कापड,” ते म्हणाले. “चांगलं.” आणि पुन्हा खायला लागले.

माझा नवरा मिलिंद घरी येताना गाडीत म्हणाला, “यार, म्हातारा थोडा सरकलेला आहे.” मला हसू आलं होतं, पण पूर्ण आलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात गावातलं जुनं थिएटर दुरुस्त करून कॉयरला मिळालं. कमिटीचा अध्यक्ष डग हा दातांचा डॉक्टर, उत्साही माणूस. त्यानं त्यासाठी कितीतरी वर्षं खटपट केली होती. मूकपटांच्या काळातली इमारत. वर बाल्कनी, आणि सगळ्या छताला प्लास्टरची फुलं, वेली, गुबगुबीत मुलांचे चेहरे. पहिल्या दिवशी मुलं मान वर करून बघतच राहिली. क्रोलही बघत राहिले. मुलांचं बघून झालं तरी ते बघत होते.

तिथल्या दुसऱ्या का तिसऱ्या तालमीत त्यांनी गाणं मध्येच थांबवलं. हात हवेत तसाच ठेवून विचारलं, “कुणी ऐकलं?”

कुणी काही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी मुलांना स्टेजवर चार पावलं मागे घेतलं आणि गाणं पुन्हा सुरू केलं. पुढच्या तालमीतही तेच झालं. नंतर प्रत्येक वेळी व्हायला लागलं. बारीक, उंच आवाज, ते सांगत. ओढ बसलेली तार किंचित सरकावी तसा, छतातून. डगनं थिएटरची देखभाल करणाऱ्या माणसाला शिडी घेऊन वर पाठवलं. तो कपडे झटकत खाली आला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. क्रोल यांनी त्याचे आभार मानले आणि त्याच तालमीत आणखी एकदा हात वर धरून थांबले. मुलांना आता त्याची भीती वाटायला लागली होती. लहानांतली एक मुलगी गाताना सारखी वर बघायची आणि ओळ चुकायची. मित्रा घरी जेवताना म्हणाली, “व्हॉट इफ ही इज राइट?” मिलिंदनं तिला गप्प केलं.

मी व्यवसायानं ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासते, ऐकण्याची यंत्रं बसवून देते. रूथला ते ठाऊक होतं. एक दिवस तालमीच्या आधी तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली की कॉनराडचे, म्हणजे हेर क्रोल यांचे, कान तू तपास. तो तुला नाही म्हणणार नाही.

ते ठरल्या वेळेच्या आधीच क्लिनिकमध्ये आले. तपासणीची खोली आवाजबंद असते. जाड दाराची छोटी केबिन. पेशंट आत, मी काचेबाहेर. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. दार लावू का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी आधी आतल्या छतावरून हात फिरवून बघितला. मग मान डोलावली.

आलेखावर त्यांचा खालच्या आणि मधल्या सुरांचा पट्टा त्या वयाला साजेसा होता. उंच आवाजांकडे गेले तशी रेघ कड्यावरून पडावी तशी खाली गेली. हे नवलाचं नव्हतं. आयुष्यभर वाद्यवृंदापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचं असंच होतं. पण शेवटी शेवटी मी काहीच आवाज सोडलेला नसताना बटणाचा दिवा लागला. थोडं थांबून पुन्हा लागला. काचेतून बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा वर केलेला होता.

मी आत जाऊन विचारलं की आता काय ऐकलंत. “तेच,” ते म्हणाले. “तुमच्या खोलीतही आहे.”

मग मी मशीनवर वेगवेगळे सूर लावून त्यांना जुळवायला सांगितलं. अशी पद्धत असते. त्यांचा कान अर्थातच तयार. फार वेळ लागला नाही. ज्या सुरावर त्यांनी बोट उचललं, तो ऐकवण्यासाठी मला आवाज जवळजवळ मशीनच्या टोकाला न्यावा लागला. म्हणजे बाहेरून त्या उंचीचा बारीकसा आवाज आला असता, तर तो त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मी ते शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. कानाचा जो भाग निकामी होतो तिथली पोकळी मेंदू स्वतःच भरून काढतो. अनेकांना शिट्टी ऐकू येते, काहींना रातकिडे. ऐकण्याचं यंत्र लावलं की बहुतेकांचा हा आवाज मागे पडतो.

त्यांनी हातातलं बटण खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “मग ऐकतंय कोण?”

मी म्हटलं की तुम्हीच. पण छतातून नाही.

तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. सांगताना आवाज खाली खाली गेला आणि मला पुढे वाकावं लागलं. त्यांच्या त्या पहिल्या थिएटरात नाताळची परीकथा चालू होती. समोर सगळी शाळेची मुलं. स्टेजवर दोरांनी टांगलेला मोठा लाकडी चंद्र होता, त्याच्या खाली कोरस. ते तेव्हा दुय्यम संचालक होते. गाण्याच्या मध्यावर त्यांना वरून बारीक कुरकुर ऐकू आली. स्टेजपुढच्या खड्ड्यात बसलेल्या वादकांना ती ऐकू येण्याजोगी नव्हती, गाणाऱ्यांना तर नाहीच. फक्त त्यांना आली. त्यांच्या गुरूंनी एकच गोष्ट त्यांच्या हाडामांसात भिनवलेली होती, की काहीही झालं तरी संचालक थांबत नाही.

“माझ्याकडे वेळ होता,” ते म्हणाले. “फार नाही. हात खाली घ्यायला पुरेल इतका.”

चंद्र कोरसमधल्या हेल्गा नावाच्या बाईवर पडला. पडदा टाकला गेला, आणि पडद्यापुढे क्रोल यांनी ते गाणं वाद्यवृंदाकडून शेवटपर्यंत वाजवून घेतलं. मुलांना वाटलं, चंद्र पडणं हा गोष्टीचाच भाग आहे. गोंधळ झाला नाही, चेंगराचेंगरी झाली नाही. थिएटरच्या व्यवस्थापनानं त्यांच्या धीराचं फार कौतुक केलं.

“मुख्य संचालक मी त्यामुळे झालो, फ्राउ सुजाता. संगीतामुळे नाही.”

यंत्र बसवून घेऊ या, मी म्हटलं. कॉयरचा कार्यक्रम झाल्यावर, असं ते म्हणाले, आणि कोट चढवून गेले. त्या दिवसापासून तालमीत ते थांबले नाहीत. डगनं मला हसून विचारलं की मी काय जादू केली. मला मात्र त्यांचं ते न थांबणं बघवत नसे. गाणं चालू असताना त्यांचा जबडा आवळलेला दिसायचा, आणि मला कळायचं की आत्ता आवाज येतो आहे आणि ते तो सोसत पुढे चालले आहेत.

कार्यक्रम मार्चमधल्या रविवारी दुपारी होता. आदल्या आठवड्यात ओलं, जड बर्फ पडलं होतं आणि त्यावर पाऊस. थिएटर भरलेलं. आजी-आजोबा, तान्ही मुलं, आमच्या ओळखीची काही मराठी घरं. मी मध्यावर बसले होते, मिलिंद कडेला. पहिला भाग सुरेख झाला. मुलं अशी गात होती की शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात धरला. शेवटच्या गाण्यासाठी लहान मुलं पुढे आली, स्टेजच्या अगदी कडेला, त्या फुलावेलींच्या बरोबर खाली. मित्रा मागच्या ओळीत होती.

दुसऱ्या कडव्यात क्रोल यांचा हात खाली आला आणि वर गेलाच नाही.

मुलं आणखी दोन शब्द गायली आणि एकेक करून गप्प झाली. क्रोल प्रेक्षकांकडे वळले. इतक्या वर्षांत कार्यक्रम चालू असताना त्यांचं तोंड आम्ही कधी बघितलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, “कृपया उठा. सगळ्यात जवळच्या दारानं बाहेर जा. घाई करू नका.” मग मुलांकडे वळून त्यांनी डाव्या दाराकडे बोट केलं.

त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला माहीत होतं की त्यांनी काही ऐकलेलं असणं शक्य नाही. माझ्या मशीननं ते रेघ ओढून दाखवलं होतं. तरी मी उठले आणि माणसांच्या पायांवर पाय देत स्टेजकडे धावले. मित्राच्या दंडाला धरून तिला ओढत बाहेर काढलं. वर बघण्याचं धाडस मला झालं नाही.

बाहेर पायऱ्यांवरचं पाणी पुन्हा गोठलेलं होतं. गर्दीत एका मुलाची आजी घसरली. तिचं किंचाळणं मला अजून आठवतं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आत काहीही पडलं नाही. डग रिकाम्या थिएटरात मधोमध कंबरेवर हात ठेवून उभा होता. क्रोल सगळ्यात शेवटी बाहेर आले. ॲम्ब्युलन्सपाशी जाऊन त्यांनी त्या आजींना काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण आजींच्या मुलानं त्यांना बाजूला सारलं.

कमिटीनं त्यांना काढून टाकलं. त्यांनी वाद घातला नाही. पुढे विम्यासाठी म्हणून एका इंजिनिअरला बोलावून छत तपासून घेतलं. प्लास्टर धरून ठेवणाऱ्या तारांपैकी एक सैल निघाली. तो म्हणाला की इतक्या जुन्या इमारतीत अशी एखादी निघतेच; कदाचित कित्येक वर्षं तशीच असेल. त्या दिवशी पडलं असतं का, असं मी त्याला स्वतः विचारलं. बहुधा नाही, तो म्हणाला, पण तशी खात्री कुणालाच देता येणार नाही. तार बदलली, नवी संचालिका आली, तालमी सुरू झाल्या. मित्राला कॉयर सोडायचं नव्हतं. मी तिला सोडायला लावलं नाही, पण आता मी हॉलमध्ये बसत नाही. गाडीतच बसते.

त्या आजी बरेच महिने नर्सिंग होममध्ये होत्या. रूथ सांगते, क्रोल दर आठवड्याला तिच्याबरोबर गाडीनं तिथे जात. आजींनी त्यांना भेटायला नकार दिला होता. ते रिसेप्शनपाशी थोडा वेळ बसत आणि परत येत. आजी घरी गेल्याचं कळेपर्यंत त्यांनी एकही आठवडा चुकवला नाही.

मग रूथचा मला फोन आला. आवाज आता घरातही येतो, ती म्हणाली. कॉनराड पलंगावर झोपत नाही, दारापाशी खुर्ची टाकून बसतो. दोनदा त्यानं मला उठवून अंगणात नेलं. काहीतरी कर.

मी यंत्रं घेऊन त्यांच्या घरी गेले. ते फार बारीक झाले होते, पण स्वेटर तोच, वागणंही तसंच अदबीचं. मी दोन्ही कानांत यंत्रं बसवली, फोनवरून जुळवली आणि चालू केली.

त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी स्वतःची बोटं एकमेकांवर घासून तो आवाज ऐकला. बाहेर कुठला तरी पक्षी ओरडत होता, त्या दिशेला मान वळवली. रूथ स्वयंपाकघरातून काही म्हणाली, तर त्यांनी तिला लगेच, न ओरडता उत्तर दिलं. ती दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आणि तो?” मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. 

“नाही,” ते म्हणाले. “गेला.”

रूथनं पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मलाही सुटल्यासारखं वाटलं. मी बॅग आवरायला लागले. यंत्रं कशी पुसायची, बॅटरी कशी चार्ज करायची ते मी सांगत होते, तेवढ्यात त्यांनी आधी उजवं आणि मग डावं यंत्र कानातून काढलं, डबीत नीट ठेवलं आणि डबी माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं की सवय व्हायला वेळ लागतो, दिवसातून थोडा थोडा वेळ लावा.

“यंत्र फार चांगलं आहे,” ते म्हणाले. “पण तेव्हा मला ऐकू आलं आणि मी थांबलो नाही. आता ऐकूच आलं नाही, तर मी थांबू कशावरून?”

“कॉनराड, आता तुला काहीही थांबवायचं नाहीये,” रूथ म्हणाली. ते तिच्या ओठांकडे बघत होते. तिनं ते पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं.

त्यांनी डबी माझ्या हातात दिली आणि दारापर्यंत मला पोहोचवायला आले. नेहमीसारखं वाकून, ‘फ्राउ सुजाता’ म्हणून निरोप घेतला. गाडी मागे घेताना मला त्यांची बैठकीची खोली खिडकीतून दिसली. ते दारापाशी ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसले होते. रूथ त्यांच्या मागे उभी राहून बोलत होती, बराच वेळ, हातवारे करून. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.